वाळवीनं ठेवलेला शब्द

तुळजापूर
कार्तिक वद्य पंचमी, सन १९४४

सोलापूरच्या साहेबांना तुळजापूरच्या घरातून शरणु शरणार्थी.

साहेब म्हटलं म्हणून रागावू नका. मोटार सुटायच्या आधी तुम्हीच सांगत होता, की गिरणीच्या हापिसात सगळे एकमेकांना साहेब म्हणतात, साहेबांच्या बायका एकमेकींकडे चहाला जातात आणि तिथं इंग्रजी बोलतात. मग म्हणालात, "इंग्रजी बोलता येऊ दे, मग नेतो." लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. आत्याबाई म्हणाल्या, तो बोलायचं म्हणून बोलला, तू भाकरी थाप. त्या तुमच्या आई आहेत म्हणून मी गप्प बसले. पण नवरा बोलायचं म्हणून बोलतो असं धरून चाललं, तर बायकोनं ऐकायचं तरी काय?

तर मी इंग्रजी शिकायला लागले आहे.

आपल्या बोळाच्या तोंडाशी उस्तानीबी राहतात, तुम्हाला ठाऊक आहेतच. त्यांचे मालक सरकारी शाळेत इंग्रजीचे मास्तर होते. ते वारल्यापासून बाई एकट्याच, चार मुसलमान मुलींना उर्दू शिकवतात. दुकानासाठी कुंकवाचे पुडे बांधून झाले की दुपारी मी त्यांच्याकडे जाते. मामा आधी नको म्हणाले. तुमच्या मुलाची अट आहे असं सांगितल्यावर चष्मा पुसत म्हणाले, अट असंल तर जा.

मास्तरांचा एक जाडजूड लुगत आहे, म्हणजे शब्दकोश. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला उर्दूत अर्थ. मास्तर गेल्यावर तो पेटीत पडून राहिला आणि वाळवीनं पुढचा भाग फस्त केला. के नावाच्या अक्षरापाशी तिचं पोट भरलं असावं. त्यामुळं ये, जा, आण, दे असे रोजच्या कामाचे इंग्रजी शब्द सगळे वाळवीच्या पोटात आहेत. पहिलं शाबूत पान उघडलं तर त्यावर एकच शब्द होता, 'कीप'. पान उलटलं तरी तोच. पुढच्या पानावरही तोच. मी विचारलं, ह्या एवढ्याशा शब्दाला इतकी जागा कशाला लागते? उस्तानीबी म्हणाल्या, "बडे खानदान का लफ्ज है बेटी. इसके बालबच्चे भोत."

मास्तरांची शिकवण्याची एक रीत होती, तीच त्या चालवतात. एक शब्द हाती घेतला की त्याचे सगळे अर्थ, त्याच्या सगळ्या म्हणी पुऱ्या झाल्याशिवाय दुसऱ्या शब्दाला शिवायचं नाही. त्यामुळं माझं सध्या कीपवरच चाललं आहे. कीप म्हणजे ठेवणं. कीप हाऊस म्हणजे घर सांभाळणं आणि कीप शॉप म्हणजे दुकान चालवणं. म्हणजे बघा, तुमचे वडील आणि तुमची बायको दिवसभर इंग्रजीच करत असतात, फक्त बोलायचं तेवढं राहिलं आहे.

कल्याणप्पा दर महिन्याला कापडाच्या खरेदीला सोलापूरला येतात. हे पत्र त्यांच्या हाती देते. हद्दीवरच्या करोडगिरीच्या नाक्यावर जकातीसाठी गठ्ठे उघडतात, पत्र कुणी उघडत नाही. उत्तर त्यांच्याच हाती द्यावं.

तुमची
शिवकांता


तुळजापूर
ज्येष्ठ शुद्ध एकादशी, सन १९४५

शरणु शरणार्थी.

माझ्या पत्रांची उत्तरं आली नाहीत. कल्याणप्पा सांगतात, तुम्हाला मान वर करायला फुरसत नसते. त्यांना तुमची खोली कुठं आहे असं विचारलं तर ते माझ्या डोक्यावरून पलीकडे बघायला लागले. माणूस चांगला आहे, पण खोटं बोलायला लागला की त्यांचे कान लाल होतात.

मामांना ताप होता, आता उतरला. त्या दिवसांत मी जो धडा शिकले त्यात लिहिलं होतं, 'ही कीप्स हिज बेड'. मला वाटलं, माणूस किती शहाणा, आपली खाट जपून ठेवतो. उस्तानीबी हसल्या. ह्याचा अर्थ तो अंथरुणाला खिळला आहे. मी घरी येऊन मामांना सांगितलं, इंग्रजीत तुम्ही खाट राखताय. ते म्हणाले, राखतो बाई, दुसरं राखायला काय ठेवलंय तुज्या नवऱ्यानं? तापात होते म्हणून बोलले, मनाला लावून घेऊ नका.

ह्या एका शब्दाच्या पोटातून बाकीचे शब्द निघत आहेत. दूध टिकणार नाही, नासेल, तरी कीपच. उपास पाळला, कीपच. कोंबड्या पाळल्या तरीही कीप. लांडग्याला दारापासून लांब ठेवणं म्हणजे उपाशी न मरण्याइतकं कमावणं, असं त्या लोकांत म्हणतात. आत्याबाईंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, आपल्या घाटात खरे लांडगे येत्यात, त्यांना काय इंग्रजीतनं हाकलायचं का? इथून तिथून सगळ्यांना ह्या शिकण्याची गंमत वाटते. बोळातल्या बायका मला मडम म्हणायला लागल्या आहेत. मी म्हणते, म्हणा, अजून थोडे दिवस आहे मी इथं.

परवा एका ओळीपाशी उस्तानीबी अडखळल्या आणि पान उलटलं. मी हट्टानं मागं उलटवलं. बाई ठेवणं, त्यालाही इंग्रजीत कीपच म्हणतात. आपल्यासारखंच आहे की, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, मास्तर हे पुरुषांना शिकवायचे, मुलींना नाही. मग आम्ही पुढची ओळ घेतली. कीप वन्स वर्ड, म्हणजे दिलेला शब्द पाळणं. ती मी पाठ केली आहे आणि रोज अंगण झाडताना म्हणते.

पुढच्या खेपेला कल्याणप्पांना चिठ्ठीचा कपटा तरी द्या. मी बरी आहे. हेही कीप वापरूनच म्हणता येतं.

शिवकांता


तुळजापूर
पौष वद्य द्वितीया, सन १९४७

शरणु शरणार्थी.

तुम्ही शाकंभरीच्या नवरात्रात येणार हे कळल्यापासून मी ट्रंक भरून ठेवली होती. लग्नातला शालू, दोन रोजची लुगडी आणि आत्याबाईंनी दिलेला तांब्या. तुम्ही हापिसातल्या स्नेह्यांना आणि त्यांच्या बाईंना देवीच्या दर्शनाला घेऊन आलात, तेव्हा मला वाटलं, हे लोक मला न्यायलाच सोबत आले आहेत. मूर्ख माणसाला काय वाटायचं राहतं?

चहा देताना मी इंग्रजी बोलले, त्याबद्दल तुम्ही रागावला आहात असं मामा म्हणाले. अट तुमचीच होती. पाहुणे उठायला लागले तेव्हा मी म्हटलं, प्लीज कीप युवर सीट. ते बरोबर होतं, मी पुन्हा कोशात बघितलं. मग माझी भीड चेपली. आय कीप हाऊस म्हणाले, मामा कीप्स शॉप म्हणाले, इट इज इस्मॉल हाऊस म्हणाले. उस्तानीबी इस्मॉल म्हणतात, इस्टेशन म्हणतात, त्यांचे मास्तरही तसंच म्हणायचे. मला दुसरी जीभ कुठून यावी? तुमचे स्नेही हसून म्हणाले, ह्यांना एकच शब्द येतो वाटतं. ते हसले तेवढं मला लागलं नाही. परका माणूस आहे, हसेल. तुम्ही त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसलात.

आता जे लिहिते आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते. त्या बाई स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बसल्या. स्वभावानं फार चांगल्या. पोळी लाटू लागू का म्हणाल्या. मग म्हणाल्या, तुमच्या भावानं सांगितलं होतं, घरी एक चुलत बहीण आहे, आईवडिलांचं सगळं तीच बघते. मी म्हटलं, कोण भाऊ? त्यांनी तुमचं नाव घेतलं. माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र बघून त्यांनी आवाज खाली आणला. "तुमच्या मालकांनी टाकलं म्हणे तुम्हाला. ऐकून फार वाईट वाटलं हो." आणि मग सोलापूरच्या वहिनींबद्दल सांगायला लागल्या. त्यांनाही दर्शनाला आणायचं होतं, पण त्यांना दिवस गेले आहेत, मोटारीचे धक्के सोसवायचे नाहीत.

मी पोळी उलटली. कीप क्वाएट हा फार सोपा धडा आहे, तो मी पहिल्या महिन्यातच शिकले होते. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच चुलीत लाकूड सारलं. तेवढ्यावरून मला कळलं, की घरात हे फक्त मलाच ठाऊक नव्हतं.

जाताना मोटारीपाशी तुम्ही मला म्हणालात, "अजून कच्चं आहे. सुधारलं की बघू." बाई जवळच उभ्या होत्या, त्यांना वाटलं असेल तुम्ही बहिणीच्या शिवणकामाबद्दल बोलताय.

मला राग आला आहे, तो लपवत नाही. रडायलाही आलं. पण मी विचार केला. आपल्यात दोन बायका असलेली घरं आहेत. तिचं बाळंतपण कोण करणार? परक्या बाईपेक्षा मी बरी. तुमच्या माणसांत मला कोण म्हणून सांगायचं ते सांगा, चुलत बहीण म्हणा, स्वयंपाकीण म्हणा, मी आतल्या खोलीतून बाहेर येणार नाही. पण मला न्या. ट्रंक अजून सोडलेली नाही.

शिवकांता


तुळजापूर
फाल्गुन शुद्ध पंचमी, सन १९४८

शरणु शरणार्थी.

तुमचं पत्र आलं. मामांच्या नावानं होतं, पण मामांची नजर अधू झाल्यामुळं मीच वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, तिकडे रझाकारांचा सुळसुळाट झाला आहे, दिवस वाईट आहेत, तेव्हा तुम्ही दोघं ताबडतोब सोलापूरला या. इथवर मी भराभर वाचलं. पुढं होतं, 'घर आणि दुकान सांभाळायला शिवकांता राहील.' तुमच्या हातानं लिहिलेलं माझं नाव मी पहिल्यांदाच बघितलं. अक्षर चांगलं आहे.

मामा म्हणाले, पोरीला सोडून मी येत न्हाय. आत्याबाई म्हणाल्या, दोन महिन्यांचाच प्रश्न आहे. मग दोघं कुजबुजत बसली, आणि सकाळी मामा माझ्याकडे न बघता बैलगाडीत चढले. नळदुर्गाकडून जाणं धोक्याचं म्हणून कल्याणप्पांनी आडवाटेनं नेलं. एव्हाना पोचले असतील. नातवाला बघून मामांना बरं वाटलं असेल. मुलगा झाला हे कल्याणप्पांनी मला सांगितलं, कान लाल न होता.

मी खरंच दुकान उघडत होते. पण यात्रेकरू येईनासे झाले, कुंकू कोण घेणार? आता फळ्या लावूनच असते. उस्तानीबी त्यांचं घर बंद करून रात्रंदिवस माझ्याकडे येऊन राहिल्या आहेत. कुणी सांगितलं नव्हतं. गेल्या आठवड्यात काठ्या आणि बंदुका घेतलेली माणसं बोळात शिरली, एकेक दार ठोठावत होती. उस्तानीबी बुरखा घेऊन आपल्या दुकानाच्या उंबऱ्यावर जाऊन बसल्या आणि त्यांना म्हणाल्या, "ये मेरा घर है. अंदर मेरी बेटी सोई है." ती माणसं सलाम करून गेली. मी आत फळीच्या मागं उभी होते.

सोबत करणं यालाही कीप आहे. आम्ही दोघी तोच धडा उगाळत बसतो. जीव आणि कुडी एकत्र ठेवणं, म्हणजे कसंबसं जगणं, हाही झाला. मी विचारलं, जीव एकीकडे आणि कुडी एकीकडे असली तर त्याला काय म्हणतात? त्या म्हणाल्या, ते वाळवीनं खाल्लेल्या भागात असेल.

मला न्यायला या असं मी ह्या पत्रात लिहिणार नव्हते. तरी लिहिते. या.

शिवकांता


तुळजापूर
आश्विन वद्य नवमी, सन १९४८

शरणु शरणार्थी.

हिंदुस्थानची फौज आली, निजामी गेली, हे तुम्हाला पेपरात कळलंच आहे. गावात गुलाल उधळला. मीसुद्धा दारात रांगोळी काढली. आता वाट मोकळी झाली, तुम्ही येणार, म्हणून दुकानाच्या फळ्या धुऊन काढल्या.

पण त्याच आठवड्यात उलटं सुरू झालं. बाहेरून टोळ्या आल्या. आता मुसलमानांची घरं शोधत होत्या. रझाकार कधीच पळाले होते, सापडले ते तांबोळी, पिंजारी आणि म्हाताऱ्या बायका. उस्तानीबींच्या दाराचं कुलूप तोडलं, भांडी नेली. त्या माझ्याकडे होत्या. मी त्यांना माझं हिरवं लुगडं नेसवलं, कपाळाला भस्म लावलं आणि खाटेवर निजवलं. विचारलं तर सांगायचं ठरवलं, ही माझी आत्या महानंदा, अक्कलकोटाकडची, कानडीच बोलायची, पक्षाघातानं वाचा गेली.

भर दुपारी ते घरात शिरले. माझं सांगणं ऐकून घेतलं. त्यातला एक म्हणाला, "लिंगायताची बाई हाय तर गळ्यातलं दाखव." त्याचं बरोबर होतं. आपल्यात पाळण्यातल्या मुलाच्या गळ्यातसुद्धा लिंग असतं. मी पुढं होऊन उस्तानीबींचा पदर जरा बाजूला केला. चांदीची डबी होती, दोरा होता. तो माणूस हात जोडून बाहेर गेला.

ते लिंग कुणाचं होतं हे तुम्हाला सांगायला नको. घरात मी एकटीच. टोळीचा आवाज बोळात आला तेव्हा मी माझ्या गळ्यातलं काढून उस्तानीबींच्या गळ्यात घातलं. घरात दुसरंही एक होतं, देवाच्या कोनाड्यात. तुम्ही कोटपाटलोण घालायला लागलात तेव्हा काढून ठेवलेलं. मी रोज तुमच्या नावानं त्याची पूजा करते. त्याला हात लावायचं माझ्या मनात आलं नाही. नवऱ्याची वस्तू न विचारता परक्याच्या गळ्यात कशी घालायची? माझी मी घातली.

त्या लोकांत कल्याणप्पा होते. ते लुटायला आले नव्हते, गावचे चार लोक मागून बघायला जातात तसे आले होते. त्यांनी उस्तानीबींना चांगलं ओळखलं आणि एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले.

दुसऱ्या दिवशी लष्कराची गाडी आली आणि राहिलेल्या मुसलमान बायकांना हैदराबादला घेऊन गेली. उस्तानीबींनी लिंग काढून डोळ्यांना लावलं आणि माझ्या हातात दिलं. मला त्यांच्या घराची किल्ली दिली, कुलूप नसलेल्या दाराची. लुगत इथंच राहू दे म्हणाल्या. मी डोक्यावरून पाणी घेतलं, लिंगाची पूजा केली आणि परत गळ्यात घातलं.

आपल्यात लिंग उतरवणं म्हणजे जीव उतरवणं, हे मला शिकवायला नको. पण तुम्ही शिकलेले आहात. तुम्ही हे समजून घ्याल म्हणून आधी तुम्हालाच लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. आता वाट सुरळीत आहे. मोटार रोज सुटते.

शिवकांता


तुळजापूर
माघ शुद्ध त्रयोदशी, सन १९४९

बसवराज,

नाव घेतलं. मेलेल्या बाईला नवऱ्याचं नाव घ्यायची बंदी नसते.

तुम्ही आलात त्या सकाळी मी भाकरी थापत होते. तशीच पिठाच्या हातानं दारात आले. तुम्ही म्हणालात, चल, मठात पंच बसलेत. मला वाटलं, दुसऱ्या लग्नाची परवानगी माझ्या तोंडानं हवी असेल. वाटेत मी ठरवलं, देऊन टाकू, पण सोबत नेण्याच्या बोलीवर.

कल्याणप्पांनी पंचांपुढं पाहिलं ते सांगितलं. खोटं काही नव्हतं. त्यांनी ते आधी कुणाला सांगितलं असेल ह्याचा मी उगाच विचार करत होते. पंचांच्या पुढ्यात माझंच पत्र पडलं होतं, घड्या मोडून. इतक्या वर्षांत मी तुम्हाला इतकी पत्रं लिहिली. तुम्ही एक जपून ठेवलं आणि ते हे.

स्वामींनी मला विचारलं, उतरवलंस का? मी म्हटलं, उतरवलं. बाई वाचली. ते वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, "जिनं जित्या जिवी लिंग उतरवलं, ती त्या दिवशी मेली. मेलेलीला घर न्हाय, नवरा न्हाय." मग पंचांनी लिहून घेतलं, की त्या दिवसापासून तुम्ही विधुर आणि सोलापूरचं लग्न रीतसर.

तुम्ही कोट घालून खांबाला टेकून उभे होता. तुमच्या सदऱ्याच्या आत काय आहे, हे कुणी विचारलं नाही. मला एक वाक्य बोलता आलं असतं. घर चार पावलांवर होतं, कोनाड्यातली तुमची डबी आणून पंचांपुढं ठेवता आली असती. मी बोलले नाही. तुमची दया आली म्हणून नव्हे. तुम्ही उगाच पुण्य माझ्या पदरात टाकाल म्हणून सांगते. मला त्या घटकेलाही वाटत होतं, की हे सगळं लोकांसाठी चाललं आहे, एकदा हे झालं की तुम्ही मला नेणार. माणसाच्या मनाला लाज नसते.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. मीच सामान काढून दिलं. पितळ, पेट्या, मामांची खाट, दुकानातला तराजू. सगळं बांधून झाल्यावर मी माझी ट्रंक उचलून मागं ठेवली. तुम्ही ते बघितलंत. मी पदर खोचला आणि चाकावर पाय ठेवला. तेव्हा तुम्ही हमालाला म्हणालात, "ती ट्रंक आपली नाही. उतरव." हमालानं माझ्याकडे बघितलं. त्यानं ती अगदी हळू खाली ठेवली, आत काचेचं काही असावं अशी.

सामान न्यायला तुमच्याबरोबर आलेल्या आत्याबाई पुढं बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोरी, आमी म्हातारी मान्सं. त्याच्याच भाकरीवर हाव." मी म्हटलं, मामांना सांभाळा, त्यांना संध्याकाळचं दिसत नाही.

घर तुम्ही विकलं. मी तेरला भावाकडे गेले होते. वीरप्पानं ओसरीवर जेवू घातलं, आत बोलावलं नाही. त्याच्या मुली लग्नाच्या आहेत, त्याचंही खरं आहे. रात्र काढून परत आले. आता उस्तानीबींच्या खोलीत राहते. कवड्यांच्या माळा ओवून पुजाऱ्यांना देते. उस्तानीबींचं हैदराबादहून काही कळलेलं नाही. लुगतातला तो शब्द मी एकटीनं पुरा केला. इंग्रजी तेवढं वाचता येतं, उर्दू येत नाही, म्हणून मशिदीजवळच्या म्हाताऱ्या अत्ताराकडून अर्थ वाचून घेतले. शेवटचा अर्थ आहे किल्ल्याचा आतला बुरूज. बाहेरचे तट पडले की लोक त्यात शिरतात. त्याच्या पुढचा शब्द आहे केग, म्हणजे लहान पिंप. तो मी घेतला नाही. आता कुणासाठी घ्यायचा?

मला तुमच्याकडून काही नको. हे पत्र टपालानं पाठवते आहे, कारण कल्याणप्पा आता माझ्या हातचं घेत नाहीत. पण काल ते बोळातून जाताना थांबले. खाली बघत त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि त्यांचे कान लाल झाले नाहीत. तुळजापूरची चुलत बहीण गेली असं सांगून तुम्ही गिरणीत रजा काढली म्हणे. स्नेही भेटायला आले. त्या चांगल्या बाईही आल्या, रडल्या. तुम्ही दोन दिवस कामावर गेला नाहीत.

माझ्यासाठी काढलेली तुमची ही पहिली रजा.

शिवकांता